सोन्याची डबी आणि चिमूटभर तपकीर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी विसरल्याचं ज्यांच्या लक्षात येतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त "अं", "म्हणजे" आणि मधूनच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे.

सुरुवात एका चोरीपासून करूया. २० नोव्हेंबर २०२४, पॅरिस. सकाळची वेळ, संग्रहालय उघडलेलं, आत लोक फिरतायत. कोन्याक-झे नावाचं हे एक छोटंसं संग्रहालय. चेहरे झाकलेले चौघे जण आत शिरतात. हातात कुऱ्हाडी आणि बेसबॉलच्या बॅट. एका काचेच्या कपाटावर घाव घालतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सात वस्तू घेऊन पसार होतात.

काय नेलं? चित्रं नाहीत, मुकुट नाही, हार नाहीत. सात डब्या. तळहातावर मावतील एवढ्या, सोन्याच्या, मिनाकाम केलेल्या, काहींवर हिरे जडवलेले. त्यातल्या काही पॅरिसच्याच लूव्र संग्रहालयाच्या होत्या, काही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातल्या, तर काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेल्या गिल्बर्ट संग्रहातल्या. प्रदर्शनासाठी उसन्या आणलेल्या. सातपैकी पाच डब्या नंतर सापडल्या.

आता प्रश्न असा, की या डब्यांमध्ये ठेवत काय होते? उत्तर ऐकून तुम्हाला हसू येईल. तपकीर! आपल्याकडे गावात एखादे आजोबा धोतराच्या कनवटीतून पत्र्याची डबी काढायचे, चिमूट नाकाशी न्यायचे आणि मग घर हलवणारी शिंक द्यायचे, तीच तपकीर.

आजचा भाग या डब्यांबद्दल. त्या कशा बनल्या, कोणी बनवल्या, त्यांच्यावर एवढा पैसा का ओतला गेला, आणि त्यातल्या बऱ्याचशा आज का उरलेल्या नाहीत.

आधी तपकिरीबद्दल

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती युरोपात आली. पोर्तुगालमध्ये फ्रान्सचा राजदूत होता झाँ निको. त्याने ती फ्रेंच दरबारात पाठवली, औषध म्हणून. निकोटिन हे नाव त्याच्याच आडनावावरून आलंय. तेव्हा सांगायचे, की डोकेदुखीवर तपकीर ओढा. तब्येतीला काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे, पण तेव्हा लोकांना सवय लागली.

आपल्याकडेही तंबाखू पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये पसरली. १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा एक दरबारी, असद बेग, विजापूरला आदिलशहाकडे गेला होता. परतताना त्याने तंबाखू नेली, आणि ती ओढण्यासाठी रत्नं आणि मिनाकाम असलेली नळी बादशहासमोर ठेवली. म्हणजे बघा, तंबाखू उत्तरेतल्या मुघल दरबारात पोचली तीच मुळी नटून. जगात जिथे जिथे ही वस्तू श्रीमंतांच्या हाती गेली, तिथे तिथे तिच्याभोवती सोनं आणि मिना चढला. आपण मराठीत एका रंगाला "तपकिरी" म्हणतो. रोजच्या बोलण्यात ही वस्तू किती मुरली होती, ते एवढ्यावरून कळतं.

फ्रान्सचा चौदावा लुई राजा मात्र तंबाखूचा द्वेष करायचा. त्याच्यासमोर तपकीर ओढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. १७१५ मध्ये तो वारला, आणि झाकण उघडल्यासारखं झालं. दरबारात तपकीर ही फॅशन बनली. पुरुष ओढायचे, बायकाही ओढायच्या. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं युरोपातल्या कुठल्याही बड्या माणसाच्या खिशात दोन गोष्टी हमखास असत. एक घड्याळ आणि दुसरी तपकिरीची डबी.

डबी वापरायचीही रीत होती. खिशातून काढायची, झाकणावर बोटाने टिचकी मारायची, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली पडते. मग उघडायची, आधी समोरच्यापुढे धरायची, मग स्वतः चिमूट घ्यायची. या सगळ्यात डबी हातात किती वेळ राहते? चांगली राहते. तेवढ्यात समोरचा बघतो, आणि त्याने बघावं हाच तर हेतू. आपण कट्ट्यावर बसल्यावर फोन खिशात न ठेवता समोर ठेवतो ना, स्क्रीन खाली आणि कॅमेऱ्याची बाजू वर? तसंच काहीसं.

सोन्याचीच का?

दिखावा हे एक कारण झालं. पण एक कामाचं कारणही होतं. तपकिरीला वास आणि थोडा ओलावा टिकवावा लागतो. सुकली की तिची धूळ होते. त्यामुळे झाकण घट्ट बसलं पाहिजे, आणि तरीही एका हाताच्या अंगठ्याने उघडलं पाहिजे. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, आणि फार बारीक घडवता येतं.

म्हणून जाणकार माणूस डबी हातात घेतली की आधी हिरे बघत नाही, बिजागरी बघतो. पॅरिसच्या चांगल्या डबीची बिजागरी भिंतीच्या जाडीतच लपवलेली असते. बारीक नळ्यांचे तुकडे एकमेकांत असे बसवलेले, की बाहेरून बोट फिरवलं तर लागत नाही. झाकण मिटलं की रेघही दिसू नये, आणि मिटताना हलकासा "टक" असा आवाज यावा. तोच चांगल्या कारागिरीचा पुरावा.

एका डबीमागे किती हात?

पॅरिसमध्ये सेन नदीच्या मधोमध एक बेट आहे. तिथल्या एका घाटाचं नाव के देझ ऑर्फेव्र, म्हणजे सोनारांचा घाट. शेजारी प्लास दोफिन हा चौक. आपल्या भाषेत सांगायचं तर शहराची सराफ आळी. गंमत म्हणजे पुढे याच घाटावर ३६ नंबरच्या इमारतीत पॅरिसच्या गुन्हे शोध पोलिसांचं मुख्यालय होतं, अगदी २०१७ पर्यंत.

इथे दुकान थाटणं सोपं नव्हतं. सोनारांची संघटना कडक होती. उस्ताद सोनारांची संख्या ठरलेली होती, ३००. एक जागा रिकामी झाली तर दुसरा आत. त्याआधी आठ वर्षं उमेदवारी, मग दुसऱ्याच्या हाताखाली काम, मग आपलं कसब दाखवणारी एक वस्तू करून परीक्षा. उस्ताद वारला तर त्याच्या विधवेला कारखाना पुढे चालवता येत असे.

पण डबी एकटा सोनार करत नव्हता. एक जण सोन्याचा सांगाडा घडवायचा. दुसरा त्यावर नक्षी कोरायचा. तिसरा लेथसारख्या यंत्रावर पत्रा फिरवून लाटा-लाटांच्या बारीक रेघा पाडायचा. चौथा मिना चढवायचा, पाचवा चित्रं काढायचा, सहावा हिरे बसवायचा. शेवटी शिक्का मात्र एकाचाच. झाँ ड्यूक्रोलेसारख्या नावाजलेल्या सोनाराची डबी असं आपण आज म्हणतो, तेव्हा त्या नावामागे ज्यांची नावं कुठेच नाहीत असे कितीतरी जण उभे असतात.

आणि या सगळ्यांच्या वर व्यापारी. त्यांना फ्रेंचमध्ये मार्शाँ-मर्सिए म्हणत. यांना स्वतः वस्तू बनवायची परवानगी नव्हती. पण कोणाकडून काय करून घ्यायचं, कशाला काय जोडायचं, उद्या कशाची फॅशन येणार, हे सगळं हेच ठरवायचे. लाझार द्यूवो हा त्यातला मोठा. त्याची १७४८ ते १७५८ या दहा वर्षांची विक्रीची वही आज उपलब्ध आहे. राजाची लाडकी मादाम द पाँपादूर ही त्याची मोठी गिऱ्हाईक.

या व्यापाऱ्यांच्या डोक्यातून काय काय निघालं बघा. जपानमध्ये लाखेवर सोन्याने चित्रं काढलेल्या सुंदर पेट्या बनत. डच जहाजं त्या नागासाकीहून युरोपात आणत. पॅरिसमध्ये या पेट्यांचे तुकडे केले जात, लाखेचा वरचा पातळ थर सोडवून सोन्याच्या चौकटीत बसवला जाई, आणि तयार होई फ्रेंच डबी! जपानी कारागिराने बघितलं असतं तर त्याच्या काळजात धस्स झालं असतं. तरी दिसायला ती डबी देखणी, हेही खरं.

मिना म्हणजे नेमकं काय

आता माझा आवडता भाग. मिना म्हणजे रंग नाही. मिना म्हणजे काच.

काचेत धातूंची संयुगं मिसळली की तिला रंग येतो. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा. कथिलाने पांढरा, तोही आरपार न दिसणारा. गुलाबी रंग तर खुद्द सोन्यापासून काढतात. ही रंगीत काच खलबत्त्यात कुटायची, पाण्याने धुवायची, आणि ती ओली वाळूसारखी पूड बारीक कुंचल्याने सोन्यावर लावायची. वाळवायची. मग भट्टीत, साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सियसला. काही मिनिटांत पूड वितळते, सोन्याला घट्ट धरते, आणि थंड झाली की चमकते.

ऐकायला सोपं वाटलं ना? आता अडचणी मोजा.

पहिली: प्रत्येक रंग वेगळ्या तापमानाला वितळतो. त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त उष्णता लागते तो आधी, नाजूक रंग शेवटी. एकदा क्रम चुकला की आधीचं काम वाहून जातं. आपल्या जयपूरच्या मिनाकारीतही हाच नियम आहे. तिथला प्रसिद्ध लाल रंग सगळ्यात लहरी, म्हणून तो शेवटी चढतो.

दुसरी: तापल्यावर सोनं आणि काच दोन्ही प्रसरण पावतात, पण सारखे नाही. थंड होताना ताण आला तर मिन्याला तडा जातो. म्हणून बऱ्याचदा पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मिन्याचा थर देतात. समोरून कोणाला दिसत नाही, पण तो नसेल तर पत्रा वाकतो.

तिसरी: भट्टीचं तापमान सोनं वितळण्याच्या तापमानाच्या फार खाली नसतं. आणि डबीचे भाग जोडायला वापरलेलं डाक तर त्याहूनही लवकर वितळतं. म्हणजे मिना पक्का होतोय आणि त्याच वेळी जोड सुटायला आलेत, अशी स्थिती. तेव्हा थर्मामीटर कुठला? भट्टीच्या आतल्या लालीचा रंग बघून ठरवायचं.

चौथी: भट्टीत जाण्याआधी रंग जसा दिसतो तसा बाहेर येताना नसतो. चित्रकाराला शेवटचा रंग मनात धरून काम करावं लागतं. एखाद्या चेहऱ्यासाठी तीच पट्टी पुन्हा पुन्हा भट्टीत जायची, आणि दर खेपेला सगळं गमावण्याची भीती.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या लोकांनी तर कमालच केली. आधी मिन्याची चित्रं वेगळ्या पत्र्यावर करून मग डबीत बसवत. बिघडली तर पत्रा टाकून द्यायचा. आता ते सरळ डबीच्या सोन्यावरच मिना चढवू लागले. खाली सोन्यावर कोरलेल्या रेघा, वर आरपार दिसणारा निळा किंवा हिरवा थर. डबी थोडी कलती केली की आतून उजेड हलतो. पाण्याखाली उन्हाच्या रेघा दिसतात ना, तसा. पण बिघडलं तर पूर्ण डबी गेली.

डबीची कुंडली: शिक्के

आपण दागिना घेताना हॉलमार्क बघतो. पॅरिसच्या डबीवर असे चार शिक्के असत. पहिला सोनाराचा: मुकुट, लिलीचं फूल, त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि एक खूण. दुसरा संघटनेचा, सोन्याचा कस तपासल्याचा. यातलं अक्षर दरवर्षी बदलायचं, त्यामुळे डबी कुठल्या वर्षीची ते आज सांगता येतं. तिसरा आणि चौथा कराचे. काम सुरू असताना एक, आणि काम संपून कर भरला की दुसरा. हा शेवटचा शिक्का अगदी इवलासा, कारण तयार डबीला इजा होऊन चालणार नाही.

खिशातली डबी, की खिशातला चेक?

राजेलोक या डब्या भेट द्यायचे. झाकणावर राजाचं छोटं चित्र, भोवती हिरे. तह झाला, राजदूत निरोप घ्यायला आला, लग्न जमलं, की द्या डबी. रोख पैसे दिले तर लाच वाटते. डबी दिली तर सन्मान.

पण राजदूतालाही घर चालवायचं असतं. अशा किती डब्या ठेवणार? मग काही जण काय करत, तर डबी ज्या सोनाराकडून आली त्यालाच परत विकत. सोनार पैसे देई, आणि तीच डबी पुन्हा दरबाराला विकली जाई. ती पुढच्या राजदूताला भेट! रशियात झारच्या काळात हा प्रकार इतका रूढ होता, की फाबर्जेच्या कारखान्यातली एकच डबी अनेकदा भेट म्हणून गेली आणि परत आली. यात कोणाला अपमान वाटत नसे. सन्मान कागदोपत्री मिळाला, पैसे हातात मिळाले. लग्नात आलेला पाकिटबंद डिनर सेट पुढच्या लग्नात देणाऱ्या आपल्या मावशी-काकूंना हे लगेच समजेल.

फाबर्जेचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. झार तिसरा अलेक्झांडर याच्याकडे अठराव्या शतकातली एक फ्रेंच डबी होती. फाबर्जेने तशीच दुसरी करून समोर ठेवली, आणि झारला खरी कुठली ते ओळखता आलं नाही, असं सांगतात. फाबर्जेची अंडी जगभर गाजली, पण त्याचे कारागीर शिकले ते राजवाड्यातल्या जुन्या फ्रेंच डब्या बघून बघून.

दोन जर्मन डब्या

फ्रान्सबाहेर दोन ठिकाणी फार वेगळं काम झालं.

एक बर्लिन. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक तपकिरीचा आणि डब्यांचा वेडा. फ्रेंच डब्यांच्या आयातीवर त्याने बंदी घातली आणि बर्लिनच्या सोनारांना कामाला लावलं. त्याच्या बऱ्याच डब्या क्रायसोप्रेज या हिरव्या दगडात आहेत. कच्च्या सफरचंदासारखा हिरवा. दगडावर हिऱ्यांची फुलं-पानं, आणि हिऱ्यांना रंग दिसावा म्हणून खाली रंगीत पत्रा. आपल्या जुन्या कुंदनकामात खड्याखाली पातळ पत्रा ठेवतात, तीच युक्ती.

पण हा दगड यायचा कुठून? सायलेशियातून. आणि सायलेशिया हा प्रांत फ्रेडरिकने १७४० मध्ये चढाई करून ऑस्ट्रियाकडून घेतला होता. म्हणजे तो दरबारात डबी उघडायचा तेव्हा जिंकलेल्या मुलखाचा तुकडाच सगळ्यांना दाखवायचा. १७५९ मध्ये कुनर्सडॉर्फच्या लढाईत त्याचा दारुण पराभव झाला. तेव्हा एक गोळी त्याच्या खिशातल्या डबीवर बसली आणि तो वाचला, असं म्हणतात. ती चेपलेली डबी आजही जर्मनीत होहेनत्सोलर्नच्या किल्ल्यात ठेवलेली आहे.

दुसरं ठिकाण ड्रेस्डेन. तिथे योहान क्रिस्टियान नॉयबर नावाचा सोनार होता. त्याच्या डब्यांवर हिरे जवळजवळ नाहीतच. आहेत ते दगडांचे छोटे छोटे तुकडे, त्याच्या स्वतःच्या सॅक्सनी प्रांतातले. प्रत्येक तुकडा सोन्याच्या पातळ चौकटीत, चौकटीवर बारीक आकडा. सोबत एक चिमुकली पुस्तिका, कुठल्या आकड्याचा दगड कोणता आणि कुठे सापडतो हे सांगणारी. खिशात अख्खा भूगोल! तपकीर ओढता ओढता अभ्यास.

आत काय होतं, ते कुठून आलं

इथे थोडं थांबूया. कारण या डब्यांबद्दल लिहिताना लोक बहुतेक वेळा झाकणावरच थांबतात. आपण आत बघू.

फ्रान्समध्ये ओढली जाणारी बरीचशी तंबाखू व्हर्जिनिया आणि मेरीलँड या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून येत होती, बहुतेक स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या व्यापाऱ्यांमार्फत. आणि तिथल्या मळ्यांवर राबत होती आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेली गुलाम माणसं आणि त्यांची मुलंबाळं. मिन्याच्या चित्रात मेंढपाळ बासरी वाजवतोय, पऱ्या ढगांवर बसल्यात, आणि झाकण उघडलं की आत त्या मळ्याची पूड. एवढ्याशा अंतरावर या दोन गोष्टी होत्या, झाकणाच्या जाडीएवढ्या.

आणखी एक धागा. फ्रान्समध्ये तंबाखूची मक्तेदारी कर वसूल करणाऱ्या ठेकेदारांकडे होती. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून वसूल करायची, असं ते कंत्राट. सोन्याच्या कामावरचा करही असाच ठेक्याने वसूल होई. म्हणजे डबीवरही कर, आतल्या तपकिरीवरही कर. लोकांचा या ठेकेदारांवर किती राग असेल, कल्पना करा.

त्यांच्यातलाच एक आंत्वान लव्हाझिए. हो, तोच! शाळेत रसायनशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ऑक्सिजनसाठी भेटलात तो. राज्यक्रांतीनंतर या ठेकेदारांवर खटला चालला. एक आरोप असा, की वजन वाढवायला त्यांनी तंबाखूत पाणी मिसळलं. ८ मे १७९४ या दिवशी लव्हाझिए आणि त्याच्याबरोबरचे ठेकेदार गिलोटिनखाली गेले. चिमूटभर तपकिरीचा हिशेब कुठवर जातो बघा.

मोड की घडणावळ?

आता या भागाचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. यासाठी मला युरोपातून आपल्या सराफ कट्ट्यावर यावं लागेल.

दागिना करताना आपण दोन गोष्टींचे पैसे देतो. सोन्याचे आणि घडणावळीचे. पण तोच दागिना मोडीत द्यायला गेलात तर काय मिळतं? सोन्याचे. घडणावळ शून्य. वर मिन्याचं, खड्यांचं, लाखेचं वजन वजा. आमच्या घरी पणजीचा एक चांदीचा करंडा होता, झाकणावर मोर असलेला. एका लग्नाच्या वेळी तो मोडीत गेला. वजनाचे पैसे मिळाले, हिशेब अगदी चोख होता. मोराचे पैसे मात्र त्यात नव्हते. गरज होती, निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तो मोर ज्याने घडवला त्याचं काम त्या दिवशी जगातून संपलं.

या डब्यांचंही हेच झालं. फॅशन बदलली, आटवा. पैसे हवेत, आटवा. राज्यक्रांती झाली, सरदार पळाले, आटवा. १७९१ मध्ये फ्रान्समधल्या कारागिरांच्या जुन्या संघटनाच कायद्याने रद्द झाल्या. पुढे लोक तपकिरीऐवजी सिगार-सिगारेटकडे वळले आणि डबीचं कामच उरलं नाही. आज संग्रहालयात जी डबी दिसते, ती एवढ्यासाठीच दिसते, की दर पिढीत तिच्या मालकापैकी कोणाला तरी वाटलं, सोन्यापेक्षा घडणावळ मोठी आहे.

म्हणून अशी चोरी झाली की अभ्यासकांना धडकी भरते. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉड्सडन मॅनर या रॉथशील्ड घराण्याच्या जुन्या वाड्यात चोर शिरले आणि काही मिनिटांत शंभराहून जास्त सोन्याच्या डब्या आणि मौल्यवान वस्तू घेऊन गेले. त्यातल्या फार थोड्या परत मिळाल्या. चित्र चोरलं तर ते कुठेतरी चित्र म्हणूनच राहतं. डबी चोरली तर भट्टीत तिचं सोनं होतं, हिरे सुटे होतात, आणि मिना? मिना म्हणजे काच. तिला बाजारात कवडीचीही किंमत नाही. ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त कसब लागलं, तीच आधी फुटते.

दुसरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्या डब्यांना पुन्हा मागणी आली, तेव्हा जर्मनीतल्या हानाऊ शहरातल्या कारखान्यांनी जुन्या पद्धतीच्या डब्या करायला घेतल्या, पॅरिससारखे वाटणारे शिक्केसुद्धा मारून. त्यांना नुसतं नकली म्हणून सोडून देऊ नका. त्यातलं काही काम खरंच उत्तम आहे. पण शिक्के नीट वाचता का यायला हवेत, ते यावरून कळतं.

आणि शेवटी एक चांगली बातमी. फ्रान्सचा मंत्री ड्यूक द श्वाझुल याच्यासाठी १७७०-७१ च्या सुमाराला एक डबी झाली. तिच्यावर व्हॅन ब्लारेनबर्ग या चित्रकाराने मंत्र्याच्या पॅरिसमधल्या घराच्या खोल्या रंगवल्या आहेत. भिंतीवरची चित्रंसुद्धा ओळखू येतात, इतकी बारीक. इंस्टाग्रामवरच्या होम टूरचा अडीचशे वर्षांपूर्वीचा अवतार म्हणा. काही वर्षांपूर्वी ही डबी लूव्रने विकत घेतली, तेव्हा लोकांना देणगीचं आवाहन केलं आणि सामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले. मंत्र्याच्या खिशातली डबी अशी सगळ्यांची झाली.

तुम्ही काय बघाल?

लंडन-पॅरिसला जायची गरज नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर गिल्बर्ट संग्रहातल्या डब्यांचे मोठे फोटो फुकट बघता येतात. फोनवर उघडा आणि दोन बोटांनी मोठं करा. तीन गोष्टी शोधा. पहिली, बिजागरी दिसते का. दुसरी, मिन्याखालच्या कोरीव रेघा. तिसरी, कडेचा जोड, जिथे सोनं आणि काच भेटतात. हिरे सगळ्यात शेवटी बघा. ते सोपे आहेत, ते आपणहून दिसतात.

आणि घरात एखादी जुनी डबी असेल, करंडा, पानाचा डबा, अत्तरदाणी, काहीही, तर ती मोडीत जाण्याआधी निदान एकदा उन्हात धरून बघा. झाकण उघडा, मिटा, आवाज ऐका. फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, की ही कोणी घडवली, कुठल्या गावात. सोनाराचं नाव मिळालं तर फोटोसोबत लिहून ठेवा. वस्तू राहो न राहो, निदान ज्याने घडवली त्याचं नाव तरी राहील.

आजच्यासाठी एवढंच. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि शिंक आली तर रुमाल धरा!